कंस कशासाठी? नाव बदललेल्या ट्रान्स अभ्यासकांचा संदर्भ देताना

मी नागपुरात प्रबंधांचं मुद्रितशोधन करते. मार्च लागला की उन्हाबरोबर माझ्या टेबलावरच्या संदर्भसूच्याही वाढत जातात. अमरावती रोडवरच्या विद्यापीठ परिसरातून पोरंपोरी येतात, हातात पेनड्राइव्ह, चेहऱ्यावर बाइंडिंगची तारीख.

काही वर्षांपूर्वी एका परिसंवादाच्या स्मरणिकेचं काम माझ्याकडे आलं होतं. त्यातल्या एका लेखात दोन जुन्या शोधनिबंधांचा संदर्भ होता. ते लिहिणाऱ्या व्यक्तीने मधल्या काळात ट्रान्झिशन केलं होतं, म्हणजे जन्मावेळी ठरवलेल्या लिंगाऐवजी आपल्या स्वतःच्या लिंगओळखीने जगायला सुरुवात केली होती, आणि नाव बदललं होतं. मला ते ठाऊक होतं, म्हणून मोठ्या शहाणपणाने मी नवं नाव घातलं आणि वाचकाची सोय म्हणून पुढे कंसात जुनं. प्रती छापल्या, वाटल्या. मग त्या व्यक्तीचा दोन शब्दांचा मेल आला : "कंस कशासाठी?" उरलेल्या प्रतींवर मी स्वतः बसून पांढऱ्या चिकटपट्ट्या लावल्या. पट्टी दिसली की माणूस आधी नखाने ती खरवडून खाली काय आहे ते बघतो, हे त्या दुपारी कळलं.

तेव्हापासून पीएचडीला नव्याने नोंदणी केलेल्यांना किंवा पहिला शोधनिबंध लिहिणाऱ्यांना मी जे सांगते, ते इथे क्रमाने लिहिते आहे. (ट्रान्झिशनला 'संक्रमण' म्हणायला माझी हरकत नाही, पण करोनानंतर हा शब्द वाचला की लोकांना मास्क आठवतो. 'लिंगबदल' मात्र लिहू नका. सगळी गोष्ट शस्त्रक्रियेवर आणून ठेवणारा शब्द आहे तो.)

सुरुवात आपल्या सवयीपासून

नाव बदलणं महाराष्ट्राला नवं नाही. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने मुलीचं नवं नाव लिहिणारी आपण माणसं. त्यातूनच आपल्या लेखनात 'पूर्वाश्रमीच्या' हा शब्द मुरला : सौ. अमुक, पूर्वाश्रमीच्या कु. तमुक. टोपणनावांचंही तसंच. ग्रेस म्हटलं की आपला हात आपोआप कंसाकडे जातो आणि 'माणिक गोडघाटे' लिहून मोकळा होतो. विद्यापीठाचं नाव २००५ मध्ये बदललं, त्याआधीच्या प्रबंधांवर नुसतं 'नागपूर विद्यापीठ' आहे आणि सूचीत आपण ते तसंच ठेवतो. बरोबरच आहे ते.

ट्रान्स व्यक्तीचं जुनं नाव या रांगेत बसत नाही. कवीने टोपणनाव आपणहून मिरवलेलं असतं. विद्यापीठाला जुन्या नावाने हाक मारली म्हणून त्याला बसमध्ये, भाड्याच्या घरात किंवा मुलाखतीत कोणी त्रास देत नाही. इथे जुनं नाव छापणं म्हणजे त्या व्यक्तीला जन्मावेळी काय ठरवलं गेलं होतं, ते तिला न विचारता चारचौघांत सांगणं. प्रबंध ग्रंथालयात जातो, शोधगंगेवर म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात चढतो आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतो.

पायरी पहिली : आजचं नाव शोधा, आणि तिथेच थांबा

तीन ठिकाणं पुरेशी आहेत. व्यक्तीचं संस्थेच्या संकेतस्थळावरचं पान, तिचे अगदी अलीकडचे दोन-तीन लेख आणि ऑर्किड. ऑर्किड म्हणजे संशोधकाला मिळणारा १६ अंकी क्रमांक. २०१२ पासून ही सोय आहे. नोंद स्वतः संशोधकाच्या ताब्यात असते, नाव बदललं तरी क्रमांक तोच राहतो, त्यामुळे जुनं-नवं काम एका जागी सापडतं. तिथे जे नाव आहे ते घ्या.

जे करायचं नाही ते जास्त महत्त्वाचं. राजपत्रात नावबदलाची जाहिरात शोधत बसू नका. शस्त्रक्रिया झाली का, कागदपत्रं बदलली का, याची चौकशी करू नका. आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क व्यक्तीचा स्वतःचा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात म्हटलं होतं. पण संदर्भसूचीसाठी तेवढ्या लांब जायचीही गरज नाही. मारी क्युरींचा उल्लेख करताना आपण त्यांचा विवाहाचा दाखला मागत नाही.

पायरी दुसरी : सूचीतली नोंद

नियम एका ओळीचा आहे. व्यक्तीची सगळी कामं, नाव बदलण्याआधीचीसुद्धा, आजच्या नावाखाली, एकाच जागी. 'पाहा' अशी उलटसुलट सूचना नाही, तळटीप नाही, कंस नाही.

उदाहरण घेऊ. पुरुषत्वाच्या अभ्यासात ज्यांच्याशिवाय पान हलत नाही त्या ऑस्ट्रेलियन समाजशास्त्रज्ञ रेविन कॉनेल. त्या स्वतः आपल्या ट्रान्झिशनबद्दल उघडपणे लिहितात, म्हणून हे नाव इथे घेते आहे. त्यांच्या १९९५ च्या पुस्तकावर फक्त आद्याक्षरं आहेत, २००७ च्या पुस्तकावर पूर्ण नाव. तुमच्या सूचीत :

कॉनेल, रेविन. (१९९५). मॅस्क्युलिनिटीज. पॉलिटी प्रेस.
कॉनेल, रेविन. (२००७). सदर्न थिअरी. पॉलिटी प्रेस.

एक व्यक्ती, एक नाव, कालक्रम. अशी नोंद केली नाही तर काय होतं, त्याचा नमुना स्टॅनफर्डचे मेंदूशास्त्रज्ञ बेन बॅरेस यांनी २००६ मध्ये 'नेचर'मध्ये सांगितला होता. ट्रान्झिशननंतर त्यांचं व्याख्यान ऐकून कोणीतरी म्हणालं की, यांचं काम यांच्या बहिणीपेक्षा कितीतरी सरस आहे. ती 'बहीण' म्हणजे बॅरेसच होते. दोन नावांखाली काम ठेवलं की एका माणसाचे दोन होतात, आणि त्यातला एक उगाच कमी ठरतो.

सहलेखक असतील तर त्यांचा क्रम हलवू नका. नाव बदललं म्हणून आद्याक्षराच्या क्रमात कोणी पुढे सरकत नाही. आडनावही बदललं असेल तर मजकुरातला छोटा संदर्भही बदलतो, आणि हेच बहुतेकांकडून राहून जातं. सूचीत नवं आडनाव, आणि तिसऱ्या प्रकरणात कुठेतरी जुनंच बसलेलं.

'मग वाचकाला पुस्तक सापडेल कसं?' हा प्रश्न मला दर आठवड्याला विचारला जातो. सापडतं. शोधनिबंधाचा डीओआय, म्हणजे त्याला मिळालेला कायमचा डिजिटल क्रमांक, बदलत नाही, पुस्तकाचा आयएसबीएन बदलत नाही, शीर्षक, वर्ष, खंड, पृष्ठं, काहीच बदलत नाही. शोधगंगेवरच्या प्रबंधाच्या कायम दुव्यात फक्त आकडे असतात. एवढ्या खुणा दिल्यावर ज्याला पुस्तक सापडत नाही, त्याला जुनं नाव देऊनही सापडायचं नाही. फक्त दुवा निवडताना बघून घ्या. काही साध्या वेबपत्त्यांमध्येच लेखकाचं जुनं नाव असतं. अशा वेळी डीओआय द्या.

पुस्तकाची पुढची आवृत्ती निघाली असेल तर काम आणखी सोपं. अर्थशास्त्रज्ञ डीर्ड्रा मॅक्लॉस्की यांच्या अर्थशास्त्रातल्या वक्तृत्वावरच्या १९८५ च्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती १९९८ मध्ये त्यांच्या आजच्या नावाने आली. पृष्ठक्रमांक बघून तीच वापरावी.

पायरी तिसरी : क्रियापदं

यावर मी सगळ्यात जास्त लाल शाई घालवते. परदेशी शैलीपुस्तकं इथे कामाला येत नाहीत, कारण त्यांच्या भाषेत क्रियापद लिंग सांगत नाही. आपल्याकडे नाव बरोबर लिहून माणूस क्रियापदात घसरतो. कॉनेल यांच्याबाबतीत तर हे हमखास. विषय पुरुषत्वाचा, पुस्तकावर नुसती आद्याक्षरं, म्हणून आपला संशोधक गृहीत धरतो आणि लिहितो, 'कॉनेल असा म्हणतो की…' एकेरी तर एकेरी, वर पुल्लिंगी.

आता मराठीची एक गंमत बघा. आदरार्थी वर्तमानकाळात आपलं क्रियापद लिंग सांगतच नाही. 'कॉनेल म्हणतात', 'मांडतात', 'नोंदवतात'. हिंदीत 'कहते हैं' की 'कहती हैं' ठरवावंच लागतं, आणि नागपुरात आपण अर्धा दिवस हिंदीत बोलत असल्यामुळे ही सोय विसरतो. भूतकाळात 'यांनी' आलं की क्रियापद कर्माकडे वळतं. 'कॉनेल यांनी संकल्पना मांडली', 'कॉनेल यांनी पुस्तक लिहिलं'. 'मांडली' संकल्पनेमुळे, 'लिहिलं' पुस्तकामुळे. 'त्यांनी', 'त्यांचं', 'त्यांना' हेही सगळ्यांना चालणारं. लिंग उघडं पडतं ते 'ते' आणि 'त्या'मध्ये, 'म्हणाले' आणि 'म्हणाल्या'मध्ये, 'गेले' आणि 'गेल्या'मध्ये, आणि 'लेखिका', 'प्राध्यापिका', 'श्रीमती' अशा नामांत नि उपाध्यांत. तपासायला एवढ्याच जागा.

पण सोय आहे म्हणून सगळीकडे तिच्या आड लपू नका. व्यक्ती स्त्री आहे हे तिने स्वतः सांगितलेलं असताना तुम्ही चाळीस पानं 'त्या' हा शब्द चुकवत गेलात, तर ते वाचणाऱ्याच्या लक्षात येतं. कॉनेल यांच्याबद्दल सरळ 'त्या' लिहा. तटस्थ रचना राखून ठेवा तुम्हाला माहिती नसेल तेव्हासाठी, किंवा त्या व्यक्तीला स्त्री-पुरुष दोन्ही नको असेल तेव्हासाठी. आणि काळ मागे नेऊ नका. '१९९५ मध्ये कॉनेल यांनी पुस्तक लिहिलं तेव्हा तो…' हे चूक. तेव्हाच्या गोष्टीलाही आजचंच सर्वनाम.

दुसऱ्याच्या अवतरणात जुनं नाव असेल तर

शक्यतो अवतरण सोडून स्वतःच्या शब्दांत लिहा. अवतरण हवंच असेल तर जुन्या नावाच्या जागी चौकटी कंसात आजचं नाव घाला. चौकटी कंस म्हणजे 'हा शब्द माझा' ही संशोधनातली जुनी, मान्य खूण आहे. (हा एक कंस मात्र कामाचा.) अवघड जागा एकच उरते : दुसऱ्या कोणाच्या लेखाच्या शीर्षकातच जुनं नाव असतं. शीर्षक आपण बदलू शकत नाही. मी विचारते, हा लेख खरंच लागतो का? दहातल्या आठ वेळा लागत नाही, सूची जाड दिसावी म्हणून घातलेला असतो. खरंच लागत असेल तर सूचीत शीर्षक जसं आहे तसं, आणि मजकुरात फक्त त्या दुसऱ्या लेखकाचं आडनाव नि वर्ष.

पायरी चौथी, थोडी उलटी : जोडू नये तेव्हा जोडू नका

इथवर वाचून उत्साहाने कामाला लागाल, म्हणून हे मुद्दाम सावकाश लिहिते. जुनं आणि नवं नाव एकाच माणसाचं आहे हे तुम्हाला कसं कळलं? त्या व्यक्तीच्या ऑर्किडवरून, तिच्या पानावरून, तिच्या लेखातून कळलं असेल तर प्रश्न नाही. पण वसतिगृहातल्या मैत्रिणीने सांगितलं, किंवा ती व्यक्ती तुमच्याच गावची म्हणून माहिती असेल, तर ती माहिती तुमची नाही. जुन्या निबंधावर तुम्ही नवं नाव चढवलं की तुम्ही ते जगाला सांगितलंत.

इथल्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांनी लिन कॉनवे हे नाव ऐकलेलं असतं. चिप कशी रचायची हे शिकवणारं १९८० चं प्रसिद्ध पाठ्यपुस्तक कार्व्हर मीड आणि त्यांचं. १९६८ मध्ये ट्रान्झिशन करणार म्हणून आयबीएमने त्यांना नोकरीवरून काढलं. त्यांनी नव्या नावाने शून्यापासून सुरुवात केली आणि तीसेक वर्षं आयबीएममधल्या आधीच्या कामाबद्दल त्या जाहीरपणे काही बोलल्या नाहीत. ते काम मोठं होतं, पण ते आपलं आहे असं म्हणायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. कधी सांगायचं ते अखेर त्यांनीच ठरवलं. कंपनीने माफी मागितली २०२० मध्ये. त्या तीस वर्षांत एखाद्या उत्साही संशोधकाने 'पूर्ण सूची' छापली असती तर काय झालं असतं, याचा विचार करून बघा.

खात्री नसेल तर मेल लिहा. लांबण लावू नका, कौतुकाचा सूरही नको :

"नमस्कार. माझ्या प्रबंधात आपल्या २००८ च्या लेखाचा संदर्भ आहे. सूचीत आणि मजकुरात आपलं नाव कसं छापावं आणि कोणतं सर्वनाम वापरावं, हे कळवलंत तर तसंच करेन."

उत्तर येईल त्याप्रमाणे वागा, ते या लेखातल्या नियमांविरुद्ध असलं तरी. काही जण जुन्या कामावर जुनंच नाव राहू देतात, काही जण दोन्ही नावं स्वतः वापरतात. तो त्यांचा निर्णय. उत्तर आलंच नाही आणि जाहीर पुरावाही नाही, तर जुन्या निबंधाची नोंद छापल्याप्रमाणे ठेवा, आणि दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत असं कुठेही सुचवू नका.

गाईड म्हणतील, 'काहून? पुस्तकावर जे आहे तेच लिहायचं'

भांडू नका. तीन गोष्टी घेऊन जा. पहिली : मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या हस्तपुस्तिकेची २०२१ ची नववी आवृत्ती. त्यात ट्रान्स लेखकांचं उदाहरण देऊनच म्हटलं आहे की लेखक जुनं नाव वापरत नाहीत हे ठाऊक असेल, तर छापील नाव काहीही असो, आजच्या नावाखाली नोंद करावी, नावबदलाची माहिती देऊ नये. दुसरी : प्रकाशकच आता जुन्या निबंधांवरची नावं बदलून देतात. संगणकशास्त्राच्या एसीएम या संस्थेने २०१९ मध्ये असं धोरण आणलं. पुढच्या वर्षी टेस टॅनेनबॉम यांनी 'नेचर'मधून सगळ्याच प्रकाशकांकडे ही मागणी केली. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेच्या १७ राष्ट्रीय प्रयोगशाळांनी बड्या प्रकाशकांबरोबर यासाठी हात मिळवले. म्हणजे गाईडच्या कपाटातल्या छापील अंकावर एक नाव आणि त्याच निबंधाच्या आजच्या पीडीएफवर दुसरं, असं होऊ शकतं. 'जे छापलंय ते' म्हणजे यातलं कोणतं, हे नम्रपणे विचारता येतं. तिसरी : आपल्याच कोर्सवर्कमधला संशोधन आणि प्रकाशन नीतिशास्त्राचा २ क्रेडिटचा अनिवार्य विषय. हा प्रश्न त्याच खात्यातला आहे.

साहित्यचोरी तपासणीत अडकेल ही भीतीही घालतात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार संदर्भसूची त्या तपासणीतून वगळलेली असते. नाव बदललं म्हणून टक्का वाढत नाही.

तरीही गाईड हटले नाहीत तर मधला रस्ता आहे : संपूर्ण सूचीत सगळ्यांचीच फक्त आद्याक्षरं वापरा. आडनाव आणि आद्याक्षर दोन्ही तेच राहिले असतील तर प्रश्न मिटतो, कॉनेल यांच्याबाबतीत मिटतो. एकट्या त्या व्यक्तीचं नाव आद्याक्षरावर आणून बाकीच्यांची पूर्ण ठेवू नका, ते माझ्या चिकटपट्टीसारखंच दिसतं.

शेवटची झाडाझडती

गूगल स्कॉलरवरून तयार संदर्भ उचलत असाल तर थांबा. प्रकाशकाने नाव बदललं तरी तिथे जुनं रेंगाळत राहतं. झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डीओआय टाकून नोंद नव्याने ओढा, मग आपल्या डोळ्यांनी बघा. लाटेक या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिणाऱ्यांनी संदर्भाच्या खुणेतही जुनं नाव नाही ना ते पाहावं, फाइल सहलेखकांकडे जाते तेव्हा ती खूण त्यांना दिसते.

मग वर्डमध्ये शोधा. देवनागरीत एका परदेशी नावाची चार लेखनं होतात, रेविन, रेवीन, रायविन, रेव्हिन, तशी जुन्या नावाचीही. प्रत्येक रूप वेगळं शोधा, रोमन लिपीतलंही. आणि टंकलेखन श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये झालं असेल तर युनिकोडमधला शोध काहीच सापडत नसल्याचं सांगतो आणि तुम्ही निश्चिंत होता. माझ्याकडचे निम्मे घोटाळे इथले. अशी प्रत छापून घ्यायची आणि पट्टी धरून ओळीओळीने वाचायची, दुसरा उपाय नाही. नामसूची, ऋणनिर्देश, तक्त्यांखालच्या टिपा, सादरीकरणाच्या स्लाइडा आणि संगणकातल्या पीडीएफची नावं हेही बघा. मौखिकीच्या वेळी पडद्यावर फोल्डर उघडतं तेव्हा समोर सगळे बसलेले असतात.

चूक छापून गेलीच, तर ऑनलाइन प्रत लगेच बदला, पुढच्या छपाईसाठी टिपण ठेवा आणि व्यक्तीला दोन ओळींत माफी कळवा. आपल्याला किती वाईट वाटलं त्याचं वर्णन नको, तिला मग तुमचीच समजूत काढावी लागते. शुद्धिपत्रात 'अमुकच्या जागी तमुक वाचावे' असंही छापू नका.

मौखिकीत बाहेरून आलेले परीक्षक चष्मा वर करून विचारतील, "हे कॉनेल म्हणजे ते आधीचे… तेच ना?" उत्तर द्यायचं, "हो सर, रेविन कॉनेल. १९९५ चं पुस्तक, दुसरी आवृत्ती २००५ ची. त्यांची वर्चस्ववादी पुरुषत्वाची संकल्पना पुढच्या स्लाइडवर आहे." आणि पुढची स्लाइड लावायची.